मुकादमाची गादी

तीन पिढ्या लोकांना गाढ झोपवणाऱ्या घरात एका म्हाताऱ्या कुत्र्याला धड झोपवता येऊ नये, ही गोष्ट अण्णांच्या फार जिव्हारी लागली होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी, यंत्र बंद असताना, त्यांनी घरच्या सगळ्यांना गाद्यांच्या कारखान्यात बोलावून घेतलं. सगळ्यांना म्हणजे तिघांना. थोरला मुलगा, त्याची बायको आणि अण्णांची मोठी बहीण. पोरंबाळं तिला आत्या म्हणायची म्हणून सगळा कारखानाच तिला आत्या म्हणायचा. धाकटी मुलगी असती तर चौघं झाली असती, पण तिचं नाव या छपराखाली निघत नव्हतं.

थोरल्याच्या बायकोला घरात आणि कारखान्यात वहिनी म्हणत. ती कापसाच्या गाठीवर बसली होती आणि तिची नजर अण्णांकडे नव्हती, फाटकाकडे होती. फाटकाच्या आतल्या बाजूला, जिथून रस्ता लांबपर्यंत दिसतो, तिथे एक सपाट दगड होता. त्या दगडावर मुकादम पडला होता.

मुकादम हे नाव धाकटीनं ठेवलेलं. पिल्लू होता तेव्हापासून तो रोज सकाळी कामगारांच्या मधून एक फेरी मारायचा, प्रत्येकाच्या कामाशी थांबून नाक लावायचा आणि मान हलवून पुढे जायचा. "आला बघा मुकादम, हात चालवा," असं ती ओरडायची. आता त्याच्या तोंडावरचे केस पांढरे झाले होते, मागचे पाय उचलत नव्हते आणि कोपरांना घट्टे पडले होते. जनावरांची डॉक्टरीणबाई मागच्या महिन्यात येऊन त्याचे सांधे चाचपून गेली आणि जाताना स्पष्ट बोलली. "त्याला त्या दगडावरून उठवा. जाड, कणखर गादी पाहिजे, हाड जमिनीला टेकता कामा नये. नाहीतर थंडी संपेपर्यंत हा उभा राहायचा नाही." मग भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या थप्पीकडे बघून ती हसली आणि म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

तेच तर दुखणं होतं.

आत्यानं आधी जुन्या चादरींची जाड घडी घालून दिली होती. मुकादमानं ती पंजानं उकरून उकरून दाराबाहेर नेऊन टाकली. मग थोरल्यानं बाजारातून उंच काठाची टोपलीसारखी गादी आणली. तिचा काठ मुकादमाला ओलांडवेना. बिचारा डोकं आत आणि बाकीचं सगळं अंग बाहेर ठेवून पडायचा. मग अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गादीवाल्याच्या घरात विकतची गादी! त्यांनी कुत्र्याला मापाच्या फळीवर आडवं केलं.

या घरात गादीचं माप असं घेत नव्हते की लांबी रुंदी लिहिली आणि झालं. गिऱ्हाइकाला फळीवर झोपवायचं. कुठल्या कुशीवर झोपता, पाय पोटाशी घेता का, उठताना आधी काय टेकता, सगळं विचारायचं. गादी भरून झाली तरी एक कोपरा उघडा ठेवायचा. गिऱ्हाईक येऊन तिच्यावर झोपणार, आणि ज्यानं गादी केली त्यानंच त्याला झोपवायचं, त्याच्या कमरेखाली तळहात सरकवून बघायचा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, रुतून बसला तर मऊ. मग उघड्या कोपऱ्यातून कापूस कमी जास्त करायचा आणि त्यानंतरच अण्णा शेवटचा टाका घालून गाठ मारायचे. अण्णांची गाठ नसलेली गादी आजवर फाटकाबाहेर गेली नव्हती.

तर अण्णांनी मुकादमाचं माप घेतलं, नेहमीसारखं, नाकापासून पायांपर्यंत ताणून. आणि माणसाला करावी तशी लांब अरुंद गादी केली. उशीसकट.

त्या उशीवरून आत्या अजून हसत होती. "कुत्र्याला उशी! आता त्याला पांघरूण घालून दिवा मालवायला कोण जाणार, तू?"

"उशीचं सोड," अण्णा म्हणाले. "गादी बघ."

त्यांनी ती गादी टेबलावर आणून टाकली. करून फार दिवस झाले नव्हते, पण मधोमध खड्डा पडला होता आणि सगळा कापूस कडांना जाऊन बसला होता. मुकादम झोपण्याआधी पंजानं उकरायचा, मग स्वतःभोवती गोल गोल फिरायचा आणि मग अंगाचं वेटोळं करून पडायचा. अण्णा रोज कापूस सारखा करत होते, आणि तो रोज मुकाट्यानं त्याची वाट लावत होता.

"अजून कापूस घाला," थोरला म्हणाला. तो बाकावर बसून किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता. बापासमोर बसला की त्याचे हात असेच काहीतरी चाळा करायचे.

"दोनदा घातला. वरून टाके दाट मारले. हात घालून बघितला तर खाली फरशी लागते." अण्णांनी आपला तळहात बघितला, जणू चूक हाताचीच होती. "इतकी वर्षं झाली या धंद्यात. असं गिऱ्हाईक नाही बघितलं."

"मग लोकर?"

"लोकर तो खाऊन टाकेल," आत्या म्हणाली.

"नारळाचा काथ्या?"

"टोचेल त्याला. घट्टे बघितलेस का त्याचे?"

वहिनीला हे सगळं ऐकवेना. उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. डॉक्टरीणबाई बोलत असतानाच ते तिच्या मनात आलं होतं, थोरल्याच्याही आलं असणार, तो तर गेलं वर्षभर अण्णांच्या पाठीमागे त्याच गोष्टीची स्वप्नं बघत होता. पण बोलायचं कुणी, इथे घोडं अडलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला दाभणात दोरा ओवता येत नव्हता. शिकवलं धाकटीनं. याच गाठीवर दोघी बसायच्या, केसांत कापूस, पायांशी मुकादम, आणि काहीही कारण नसताना हसत सुटायच्या. आता वहिनी दाभण सफाईनं चालवत होती, पण हसायला शेजारी कुणी नव्हतं. नणंद गेली म्हणून झुरणारी भावजय लोकांना सांगूनही पटली नसती, म्हणून ती कुणाला सांगत नव्हती.

"फोम," ती म्हणाली.

थोरल्याच्या किल्ल्या थांबल्या.

"काय म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

"फोम, अण्णा. कितीही उकरला तरी सरकत नाही. हाड खाली टेकत नाही. त्याला तेच पाहिजे."

"सूनबाई, या छपराखाली स्पंज येणार नाही, हे मी एकदा बोललो आहे."

बोलले होते खरे, आणि ज्या दिवशी बोलले तो दिवस वहिनीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. धाकटीनं फक्त एक कोपरा मागितला होता. पाठीच्या दुखण्याच्या माणसांना कापूस पुरत नाही, अण्णा, मला फोमचं काम करून बघू द्या, एवढंच तिचं म्हणणं. शब्दानं शब्द वाढला. शेवटी ती दुसऱ्या शहरातल्या फोमच्या कारखान्यात नोकरी धरून बॅग घेऊन निघाली, तेव्हा अण्णा एका गादीला टाके घालत बसले होते आणि त्यांनी मान वर केली नाही. मुकादम तिच्या मागे फाटकापर्यंत गेला. तिच्या भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नव्हता. तिनं त्याला त्या दगडावर बसवलं, "थांब हं," म्हणाली आणि गेली.

तो थांबला होता.

"उन्हामुळे बसतो तो तिथे," थोरला नेहमी म्हणायचा. ऊन गेलं, थंडी आली, तरी तो उन्हामुळेच तिथे बसत होता.

"स्पंज म्हणजे काय तर फुगवलेली हवा," अण्णा म्हणाले. "हवेवर माणूस झोपतो का?"

"माणूस कुठे झोपायचाय? कुत्रा झोपायचाय," आत्या म्हणाली.

वहिनीनं चमकून तिच्याकडे बघितलं. आत्या आजवर भावाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. धाकटी गेली त्या दिवशीही "पोरीला फार शिंगं फुटलीत" म्हणणारी हीच.

"ताई, तू पण?"

"मी पण. अरे, माझेही गुडघे धरतात. उठता येत नसलं की काय होतं, ते मला विचार. तुझी तत्त्वं राहू दे बाजूला, त्या मुक्या जिवानं तुझं काय घोडं मारलंय?"

"मी आणतो बाजारातून," थोरला घाईनं म्हणाला. "तयार मिळते. कुणाला विचारायलाही नको."

"बाजारातली टोपली झाली ना एकदा?" वहिनी म्हणाली. "अहो, त्याला बघून, त्याला ओळखून कुणी करायला पाहिजे. ज्याला तो कसा झोपतो ते माहीत आहे, अशा माणसानं."

असं माणूस एकच होतं. नाव कुणी घेतलं नाही. अण्णांनी टेबलावरची गादी उचलली, काखेत मारली आणि आतल्या दाराशी जाऊन थांबले.

"करा तुम्हाला काय करायचं ते. मी हात लावणार नाही."

ते आत गेले. पण दार त्यांनी लोटून घेतलं नाही, हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही.

तिनं तिथूनच फोन लावला. एरवी ती दुपारी, सगळे झोपले की, गच्चीवर जाऊन बोलायची. आज तिनं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"वहिनी? या वेळी? कुणाला काही झालं का?" पलीकडे यंत्रांची घरघर होती.

वहिनीनं मुकादमाचं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं नाक ओढलं आणि एकदम कामाच्या आवाजात विचारायला लागली.

"आधी उकरतो ना अजून? आणि मग गोल फिरून?"

"हो."

"म्हणजे गादी लांब नको, गोल पाहिजे. काठ नको. उठताना पुढचे पाय टेकतो की आधी मागचा भाग ओढतो?"

"पुढचे टेकतो आणि मग मागचे ओढतो गं. बघवत नाही."

"तर खालचा थर कणखर घालते, वरचा मऊ. पंजे रुतायला नकोत. कुठल्या कुशीवर झोपतो? उजव्या ना?"

वहिनीनं थोरल्याकडे बघितलं, थोरल्यानं आत्याकडे. कुणालाच आठवेना.

"डाव्या," आतून आवाज आला. "पूर्वी उजव्या होता. आता डाव्या."

पलीकडची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"बरं," धाकटी म्हणाली. "डाव्या." आणि तिनं फोन ठेवला.

पार्सल आलं ते आठवडा उलटल्यावर, भर दुपारी. कामगार जेवायला गेले होते. थोरल्यानं दोऱ्या कापल्या, आत्यानं कागद ओढला, आणि आतून निघालेली गादी बघायला तिघंही वाकली. गोल, ठेंगणी, तळहाताहून जाड. आत फोम होता, पण वरची खोळ निळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची. याच कारखान्यातलं कापड. जाताना तिनं बॅगेत कपड्यांऐवजी तेच भरलं होतं की काय, कोण जाणे. कडेनं घातलेले टाके दाट, एकसारखे, दोऱ्याला दुहेरी पीळ देऊन घेतलेले, या घराच्या पद्धतीचे.

एका बाजूला मात्र शिवण उघडी होती. दोरा तसाच सोडलेला आणि कापडात दाभण खोचलेलं.

"अर्धवट पाठवली?" थोरला म्हणाला. "एवढी घाई होती?"

"मूर्खा," आत्या म्हणाली. "कोपरा आहे तो."

अण्णा केव्हा येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही. हात लावणार नाही म्हणणारा माणूस गुडघ्यांवर बसला. त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, एका ठिकाणी थांबले, पुन्हा मागे फिरवला. मग गादी दोन्ही हातांनी दाबली. दाबून सोडली की ती होती तशी वर येत होती. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"आणा त्याला," ते म्हणाले.

थोरल्यानं मुकादमाला दगडावरून उचलून आणला आणि गादीशेजारी उभा केला. मुकादमानं नाक खाली घातलं. एकदा हुंगलं. मग त्याचं सगळं अंग ताठ झालं. तो खोळीच्या कडेकडेनं हुंगत गेला, उघड्या कोपऱ्याशी आला, तिथे नाक आत खुपसलं आणि त्याची शेपटी हलायला लागली. आधी जराशी, मग अशी जोरात की मागचे पाय लटपटले. ती शेपटी इतक्या महिन्यांत हलली नव्हती. वहिनीच्या डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं.

"ओळखलं रे, ओळखलं!" आत्या टाळी वाजवून म्हणाली.

मुकादम गादीवर चढला. पंजानं उकरलं, गादी जागची हलली नाही. गोल फिरला. डाव्या कुशीवर पडला. अण्णांनी लगेच त्याच्या कमरेखाली तळहात सरकवला आणि डोळे मिटून तो तसाच ठेवला. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. झालं, आता ते काहीतरी बोलणार, आता दोरा ओढणार, आणि मग कदाचित पुढचंही सगळं मार्गी लागणार, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात मुकादम उठला. पुढचे पाय टेकून, मागचे ओढत, कण्हत. गादीवरून उतरला, कारखान्याच्या दारातून बाहेर पडला आणि लंगडत थेट फाटकाकडे गेला. दगडावर उभा राहून त्यानं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. शेपटी अजून हलत होती. तिचा वास आला होता, म्हणजे मागून ती येणारच, एवढा सरळ त्याचा हिशेब.

रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. मग कुणीच गेलं नाही. शेपटी हळूहळू थांबली आणि मुकादम त्या दगडावर खाली बसला.

थोरल्यानं जाऊन त्याला पुन्हा उचलून आणलं. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा थोरला उठला तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू दे. छळू नकोस त्याला."

"गादी तर बरोबर आहे ना?" आत्या म्हणाली. "आता कशाला नाही म्हणतोय मेला?"

कामगार परत आले, यंत्र सुरू झालं. वहिनी टेबलाशी उभी राहून कापड कापत होती आणि ते वाकडं कापलं जात होतं. तिला मुकादमाचा राग आला आणि हेवाही वाटला. त्याला निदान जाऊन बसता येत होतं. तिला रोज त्याच फाटकाशी जाऊन उभं राहावंसं वाटायचं, आणि ती रोज हातात काहीतरी काम घेऊन फाटकाच्या बाजूच्या खिडकीशी बसायची, इतकंच.

उन्हं कलली तसे अण्णा तिच्याजवळ आले.

"लाव," ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"फोन लाव. मला ती बटणं दाबता येत नाहीत." येत होती. रोज व्यापाऱ्यांशी फोनवर तेच बोलायचे.

तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला न लावता समोर धरला, त्यामुळे यंत्राच्या आवाजातही तिला सगळं ऐकू येत होतं.

"पोचली का गं, वहिनी?"

"पोचली," अण्णा म्हणाले.

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"कमरेखाली हात घालून बघितलात?" धाकटीनं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बघितला."

"मग?"

"बरोबर आहे. कणभर कमी जास्त करायला नको."

या माणसानं आजवर पोटच्या पोरांच्या कामाला बरोबर म्हटलेलं वहिनीनं ऐकलं नव्हतं. थोरल्यालाही नाही, तिलाही नाही.

"झोपला मग तो?"

"नाही झोपत. चढतो, उतरतो आणि फाटकावर जाऊन बसतो. तुझा वास येतोय गादीला. त्याला वाटतंय, तू मागून येतेस." अण्णा थांबले. "ज्यानं गादी केली त्यानंच गिऱ्हाइकाला झोपवायचं असतं. आपली रीत तुला माहीत आहे. मी काय करू?"

"म्हणजे मुकादम वाट बघतोय."

"मुकादम बघतोय. आणि ही तुझी वहिनी बघते. खिडकीशी कापड घेऊन बसते आणि रस्त्याकडे बघते. कालचं सगळं कापड वाकडं कापलंय, आजचंही. मला काय दिसत नाही?"

वहिनीनं तोंडाला पदर लावला. तिला वाटत होतं, हे कुणाला ठाऊकच नाही.

"आणि तुम्ही, अण्णा?"

यंत्र थांबलं होतं. कामगारांनी मुद्दाम थांबवलं असावं. अण्णांनी एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा पायांशी पडलेल्या त्या गोल गादीकडे.

"मी कोपरा उघडा ठेवलाय," ते म्हणाले.

पलीकडे धाकटी रडत होती तेवढं ऐकू आलं, आणि अण्णा फोन तसाच समोर धरून ऐकत उभे राहिले. मग त्यांनी तो वहिनीच्या हातात दिला. गादीतलं दाभण काढून, काम अपुरं असलं की ठेवायचे तसं, सदऱ्याला छातीशी खोचलं. गादी उचलली, फाटकापाशी नेली आणि दगडाला लागून ठेवली. मुकादमानं मान वळवून बघितलं. दगड सोडला नाही, पण हनुवटी गादीवर टेकवली.

"मी उद्या निघते," धाकटी फोनमधून म्हणत होती. "वहिनी, ऐकतेस ना? उद्या निघते."

"ऐकतेय," वहिनी म्हणाली. ती बोलत बोलत फाटकापर्यंत आली आणि मुकादमाला जरासं सरकवून त्याच्या शेजारी दगडावर बसली. दगड गार होता, हाडांपर्यंत जाणारा गार. इतके दिवस हा यावर कसा राहिला, असं मनात येऊन तिला रडू कोसळलं, आणि ती एका हातानं त्याची पाठ चोळत रस्त्याकडे बघत बसली.